ऑन-रोडचा कागद

गाडीच्या शोरूममध्ये सगळ्यात जास्त वेळा लिहिला जाणारा कागद म्हणजे ऑन-रोड किमतीचा. वर मॉडेल आणि रंग. त्याखाली एक्स-शोरूम किंमत, मग रोड टॅक्स, विमा, नंबरप्लेट, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि काही ठिकाणी 'हँडलिंग' नावाची एक रक्कम. सगळ्यात खाली बेरीज. गिऱ्हाईक बेरीज बघतं. मधल्या ओळी विकणाऱ्यानं समजावून सांगायच्या असतात. वाहनविक्रीत मी जे काही शिकले ते या मधल्या ओळींवर शिकले. या धंद्यात कोण टिकतं आणि कोण वर्षभरात सोडून जातं, हेही मला त्यांच्यावरूनच कळायला लागलं.

मी बडोद्याची, इथेच जन्मलेली आणि वाढलेली. आजोबांचं घर दांडिया बाजारात होतं. वडिलांनी पुढे कारेलीबागेत टेनामेंट घेतलं. आमच्यासारख्या मराठी घरांत चांगल्या नोकरीची यादी ठरलेली असे: बँक ऑफ बडोदा, युनिव्हर्सिटी, रेल्वे, कोयलीची रिफायनरी. सयाजीराव महाराजांच्या काळापासून इथल्या मराठी माणसाच्या ओळखीचा मान हा कचेरीतला मान. धंदा गुजराती माणसानं करायचा, अशी वाटणी कुणी न सांगता होऊन गेलेली. कॉमर्स फॅकल्टीतून बी.कॉम. होऊन मी दुचाकीच्या शोरूमला लागले, तेव्हा आई नातेवाइकांना 'ऑटोमोबाइलमध्ये आहे' एवढंच सांगायची. सेल्सचं नाव काढायची नाही. 'मराठी माणसाला विकता येत नाही' हे वाक्य मी तेव्हा घरी, दारी, लग्नाकार्यात ऐकलं. त्याला उत्तर म्हणून आजही मी आबासाहेब गरवाऱ्यांचं नाव घेते. प्लॅस्टिक आणि नायलॉनचे कारखाने पुढे आले. त्यांनी सुरुवात केली ती मुंबईत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीतून.

पण आईचंही चुकत नव्हतं. तिच्या पिढीला गाडी विकणारा माणूस भेटलाच नव्हता. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि पुढे कितीतरी काळ तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. परदेशी चलनात पैसे भरले तर लवकर मिळे, त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला पत्र जाई. डीलरकडे असायचा तो रजिस्टर सांभाळणारा कारकून, आणि त्याची मर्जी राखायची ती घेणाऱ्यानं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, त्यानंतर जपानी भागीदारीतल्या दुचाकी आल्या, मग नव्वदीत बाजार खुला झाला आणि माणसापुढे पहिल्यांदा 'यातली कुठली?' हा प्रश्न उभा राहिला. समजावून सांगणारा माणूस तेव्हा लागायला लागला. म्हणजे मध्यमवर्गीय घरांच्या दृष्टीनं हा पेशा जेमतेम एका पिढीच्या वयाचा आहे. त्याला अजून मान नाही, याचं एक कारण हे असावं.

दुचाकीच्या काउंटरवर मी माणसं ओळखायला शिकले. बडोदं हे दुचाकीवर फिरणाऱ्या बायकांचं गाव आहे. नवरात्रात रात्री बारा-साडेबाराला गरबा सुटला की चणिया-चोळी सावरत मुली एकेकट्या गाडीवर घरी निघतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. पण त्याच मुली शोरूममध्ये येतात तेव्हा बोलतात ते वडील. 'अ‍ॅव्हरेज केटली आपशे?' इथपासून सुरुवात. मुलगी बाजूला उभी. मी पहिल्यापासून एक पद्धत ठेवली: गाडी स्टँडवरून खाली घ्यायची आणि मुलीला बसवायचं. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात का? थांबलेली गाडी एका बाजूला कलली तर पेलते का? मेन स्टँडला लावता येते का? ती स्टँड लावताना धडपडली तर तिच्याशी पाच मिनिटं बोलायचं, पाय कुठे दाबायचा आणि हात कुठे धरायचा ते दाखवायचं. या पाच मिनिटांत वडील आपोआप मागे सरकतात आणि मुलगी प्रश्न विचारायला लागते. तिचे प्रश्न वेगळे असतात: डिकीत हेल्मेट मावेल का, रात्री दिव्याचा उजेड किती पडतो, पंक्चर झालं तर कुणाला फोन करायचा. अ‍ॅव्हरेजपेक्षा हे प्रश्न मला नेहमीच जास्त शहाणपणाचे वाटत आले आहेत.

त्याच काउंटरवर कर्जाचं गणित कळलं. दुचाकीच्या कर्जाचा दर बहुतेक वेळा फ्लॅट सांगतात. एक लाख रुपयांवर नऊ टक्के फ्लॅट, तीन वर्षं. व्याज झालं २७ हजार, हप्ता ३,५२८. ऐकणाऱ्याला वाटतं, बँकेच्या घरकर्जाइतकाच दर आहे. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावर लागत राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर सोळा टक्क्यांच्या आसपास जातो. खंडेराव मार्केटमध्ये भाजी विकणाऱ्या एका मावशींना मी हे कागदाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, 'मग मी दोन वर्षांत फेडते.' आणि फेडलं. पुढची गोष्ट मात्र बहुतेकांना कुणी सांगतच नाही: कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यायचा, आरटीओत देऊन ते नाव काढून घ्यायचं. गाडी विकायची वेळ आली की लोकांना हे आठवतं, तोवर एनओसीची मुदत गेलेली असते आणि दरजीपुऱ्याच्या आरटीओचे हेलपाटे सुरू होतात.

मार्च २०१७ चा शेवटचा आठवडा या धंद्यातलं कुणीही विसरणार नाही. २८ तारखेला गुढीपाडवा. मराठी गिऱ्हाइकांच्या डिलिव्हऱ्या सकाळपासून रांगेत होत्या. हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. दुसऱ्या दिवशी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद. देशभरात कंपन्यांकडे आणि डीलरांकडे मिळून आठ लाखांवर अशा गाड्या पडून होत्या, त्यातल्या पावणेसात लाखांच्या जवळपास दुचाकी. पुढचे दोन दिवस कंपन्यांनी दहा-बारा हजारांपासून थेट बावीस हजारांपर्यंत सूट जाहीर केली. शटर अर्ध्यावर ओढून आत माणसं घ्यावी लागली. रंग विचारायला कुणाला सवड नव्हती. बिल ३१ मार्चच्या आतलं असेल तरच पुढे पासिंग होणार होतं, म्हणून मध्यरात्रीपर्यंत बिलं फाडणं चाललं.

त्या गर्दीत पाडव्याला पूर्ण पैसे भरून गाडी नेलेली माणसंही परत आली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: 'परवाच्या दिवशी तुम्हाला ठाऊक नव्हतं?' खरोखरच नव्हतं. पण ते पटवून द्यायला माझ्याकडे शब्दापलीकडे काही नव्हतं, आणि कंपनीकडून फरक मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं. शिवाय निम्म्या लोकांना वाटत होतं, आपली गाडी आता रस्त्यावर चालवायला बंदी येणार. प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगितलं की बंदी विकण्यावर आणि नव्या नोंदणीवर आहे, चालवण्यावर नाही. रागावून गेलेले त्यातले कितीतरी पुढे सर्व्हिसला आले तेव्हा मलाच शोधत आले. का, ते मला नीटसं सांगता येत नाही. बहुधा त्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून ऐकून घेतलं म्हणून.

त्यानंतर मी चारचाकी गाड्यांच्या शोरूममध्ये आले. इथे गिऱ्हाईक महिनोन् महिने विचार करतं. बडोद्यात विकणाऱ्याला दोन पंचांगं सांभाळावी लागतात. मराठी माणसाचा पाडवा, गणपती, दसरा. गुजराती माणसाचं पुष्य नक्षत्र, धनतेरस, लाभपाचम, आखात्रीज. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरता, त्या दिवसांत गुजराती घर नवी गाडी दारात आणत नाही. डिलिव्हरीची वेळ चोघडियावरून ठरते, लाभ, शुभ किंवा अमृत. गाडी आदल्या दिवशी धुऊन, डिलिव्हरीआधीची तपासणी (पीडीआय) करून तयार ठेवावी लागते, कारण चोघडिया दीड तासाचं आणि त्या दीड तासाला दहा कुटुंबं. माझी श्रद्धा किती हा प्रश्न इथे येत नाही. घरातली सगळ्यात मोठी खरेदी माणूस ज्या भावनेनं करतो, तिला वेळेवर चावी देणं हे माझं काम आहे.

आता पगाराबद्दल, कारण या पेशाविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकायचं असतं. मूळ पगार थोडा, उरलेलं इन्सेन्टिव्ह. महिन्याला अमुक गाड्यांच्या वर गेलात तर प्रत्येक गाडीमागे जास्त रक्कम, खाली राहिलात तर जवळपास काही नाही. त्याशिवाय कर्ज, विमा, अ‍ॅक्सेसरीज, वॉरंटी यांचे वेगळे आकडे. ही रचनाच मला पटत नाही आणि मी ते वर बोलूनही दाखवते. एका गाडीसाठी टप्पा चुकत असेल तर २९-३० तारखेला माणूस काय करेल? पुढच्या आठवड्यात येणारं बुकिंग ओढून या महिन्यात बसवेल, गिऱ्हाइकाला नको असलेला रंग गळ्यात मारेल, सीट कव्हर आणि मॅट पॅकेजमध्ये घालून बेरीज फुगवेल. ज्यांनी हे केलं ते वाईट नव्हते. घरभाडं त्यांनाही होतं. पण अशा विक्रीतून आलेलं गिऱ्हाईक कुणाला पाठवत नाही. आणि कारेलीबागेसारख्या वस्तीत, जिथे मुक्तानंदला भाजी घेताना, अमितनगरला गाडीची वाट बघताना, पाण्याच्या टाकीजवळ चहाच्या टपरीवर तीच माणसं पुन्हा भेटतात, तिथे हे फार दिवस चालत नाही. सहा महिन्यांनी एन्क्वायरी आटतात आणि मुलगा म्हणतो, सेल्समध्ये काही राम नाही.

माझ्या मते या मधल्या ओळींतली जी सक्तीची आहे ती सक्तीची म्हणून सांगावी आणि जी नाही ती नाही म्हणून. थर्ड पार्टी विमा कायद्यानं लागतोच. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा, दुचाकीला पाच वर्षांचा एकदम. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक. तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असंही नाही. 'हँडलिंग' हा सरकारचा कर नाही. एवढं सांगितलं की गिऱ्हाईक पळेल अशी नव्या मुलांना भीती वाटते. माझा अनुभव असा की हे ऐकल्यावरच माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, 'बरं, मग ताई, यातलं घेण्यासारखं काय आहे?' गुजराती काका असतील तर, 'बेन, तमे शुं लेशो?' तुम्ही काय घ्याल?

त्या प्रश्नाचं उत्तर बडोद्याला ऑगस्ट २०२४ मध्ये मिळालं.

गोकुळाष्टमीला पाऊस लागला आणि थांबेना. वर आजवा सरोवर भरलेलं. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांची. त्या वेळी ती पस्तिशीच्या पुढे गेली. समा, हरणी, फतेहगंज, कारेलीबाग, नदीपलीकडे अकोटा, सगळीकडे पाणी, आणि ते ओसरायला दिवस लागले. सोसायट्यांच्या तळपार्किंगमध्ये गाड्या जिथल्या तिथे बुडाल्या. घरात वीज नाही, फोन चार्ज करायची मारामार, तरी लोक फोन करत होते. निवृत्त प्राध्यापक असलेल्या एका काकांचा फोन अजून आठवतो. पाणी सीटच्या वर गेलेलं, नुकतंच उतरायला लागलेलं. 'स्टार्ट करून बघू का?' असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'काका, चावीला हातसुद्धा लावू नका. बटण दाबू नका. जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा आणि पाण्याची खूण दिसेल असे फोटो घ्या.' इंजिनात पाणी शिरलेलं असताना गाडी चालू केली की पिस्टन पाण्यावर आपटतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी पॉलिसी असेल तर हे नुकसान पुरानं झालं असं धरत नाहीत, चालू केल्यानं झालं असं धरतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. ऑन-रोडच्या कागदावरची ती ओळ 'आपल्याकडे कुठे पूर येतो' म्हणत खोडणारी माणसं मी रोज बघत आले होते. २०१९ च्या ३१ जुलैला शहरात एका दिवसात वीस इंचांच्या जवळपास पाऊस पडून गेल्यावरही.

पुढचे काही आठवडे मी विक्री अशी केलीच नाही. टो करणाऱ्या गाड्या मिळत नव्हत्या, वर्कशॉपबाहेर चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, सर्व्हेअर एकेका गाडीपाशी उभे. आत वास असा की दार उघडलं की माणूस मागे सरायचा. पाणी कार्पेटच्या वर गेलं की वायरिंग आलं, सीटखालचे एअरबॅगचे भाग आले, कंट्रोल युनिट आलं. मग हिशेब सुरू. प्लॅस्टिक आणि रबरी भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात. झीरो डेप असेल तर कापत नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, वर्ष उलटलं की २० टक्के कमी, दोन उलटली की ३० टक्के. दोन वर्षं उलटलेली आठ लाखांची गाडी असेल तर हातात येणार पाच लाख साठ हजार, आणि त्यातून आधी बँकेचं कर्ज. 'रिटर्न टू इनव्हॉइस'ची ओळ ज्यांच्या कागदावर होती त्यांना मूळ किमतीइतकं मिळालं. एकाच सोसायटीत, एकाच पाण्यात बुडालेल्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या: एका घरात महिन्याभरात नवी गाडी आली, दुसरं घर नसलेल्या गाडीचे हप्ते भरत राहिलं. प्राध्यापक काकांची गाडी दुरुस्त झाली. त्यांच्या पॉलिसीत इंजिनाची ओळ होती, आणि त्यांनी बटण दाबलं नव्हतं.

त्या पुरानंतर जुन्या गाड्यांच्या बाजारात धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाड्या दिसायला लागल्या. तेव्हापासून एक्स्चेंजला आलेली प्रत्येक गाडी बघताना मी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढते. वरचा पट्टा कुणीही धुतो. रिळात गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथे गाळाची तपकिरी रेघ राहते. जुनी गाडी घेणाऱ्या ओळखीच्या माणसांना ही एक गोष्ट मी आवर्जून शिकवते, ते माझ्याकडून काही घेणार नसले तरी.

२०२५ चा ऑगस्ट वेगळ्या कारणानं लक्षात राहिला. १५ तारखेला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली आणि शोरूम ओस पडलं. २७ ला गणपती. मराठी घरांची बुकिंग ठरलेली. ३ सप्टेंबरला परिषदेचा निर्णय आला: चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के कर आणि एक टक्का उपकर होता, तो २२ सप्टेंबरपासून १८ होणार. म्हणजे १२९ रुपयांची वस्तू ११८ ला. महिन्याचं टार्गेट मात्र बदललं नव्हतं. मी आमच्या टीमला सांगितलं, जो विचारेल त्याला थांबायला सांगा; गणपतीचं टोकन राहू द्या, गाडी घटस्थापनेला द्या. मध्ये श्राद्धपक्ष होताच, त्या दिवसांत तसंही कुणी घेत नाही. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि नवा कर एकाच दिवशी आले आणि सकाळी सातला आम्ही दारं उघडली. सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांचा इन्सेन्टिव्ह सगळ्यांचा बुडाला होता. टीममधला एकही मुलगा सोडून गेला नाही, याचा मला फार अभिमान आहे.

शोरूममध्ये लागलेल्या नव्या मुलामुलींना मी लगेच डिस्प्लेवर उभं करत नाही. आधी काही दिवस वर्कशॉपमध्ये, मग पासिंग आणि विम्याच्या टेबलावर. क्लेम नाकारल्याचं पत्र वाचून रडवेला झालेला माणूस एकदा समोर बसला की ऑन-रोडच्या कागदावरची ओळ कशी सांगायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. मुली या कामाला जास्त याव्यात असं मला मनापासून वाटतं. उशिरापर्यंत थांबावं लागतं, टेस्ट ड्राइव्हला अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं, घरचे काळजी करतात. म्हणून आमच्याकडे टेस्ट ड्राइव्हला मुलीबरोबर दुसरं माणूस जातंच, आणि डेमो गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार ते ठरलेलं असतं.

आता जवळजवळ प्रत्येक कुटुंब विजेच्या गाडीबद्दल विचारतं, आणि कारेलीबागेतलं कुटुंब रेंजच्या आधी पाण्याबद्दल विचारतं. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. ती चाचणी स्वच्छ पाण्यात, प्रयोगशाळेत होते. आपल्या पार्किंगमध्ये गाळाचं पाणी त्याहून कितीतरी जास्त वेळ उभं होतं. हे दोन्ही मी सांगते. मग त्यांच्या सोसायटीत जाऊन भिंतीवरची २०२४ ची पाण्याची खूण कुठवर आहे ते त्यांच्यासोबत बघते, आणि इशारा आला की गाडी कुठल्या पुलावर नेऊन लावायची तेही आधीच ठरवायला सांगते; हल्ली बडोदेकर तसं करतातच. हे ऐकून काही जणांनी पेट्रोलचीच गाडी घेतली. काहींनी विजेची घेतली आणि चार्जर त्या खुणेच्या हातभर वर बसवून घेतला.